हिचं राहू दे

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत माझी अंगणवाडी होती. सकाळी लहान लेकरं, खिचडी, वजनकाटा, रजिस्टरं. आणि दर शनिवारी दुपारी तीन वाजता वयात येणाऱ्या मुलींची सभा. दहा-बारा पोरी यायच्या. घरच्या विड्या पुऱ्या झाल्याशिवाय त्यांना बाहेर सोडायचं कोण, म्हणून काखेत सूप घेऊनच यायच्या. मी बोलायची आणि त्या विडीची पानं कातरत ऐकायच्या. काय बोलायची मी? की पोरींनो, स्वतःला कमी समजू नका. आरशात बघून तोंड वाकडं करू नका. कुणी विचारलं तर मान वर करून आपलं चांगलं आपण सांगा. प्रशिक्षणात शिकवलेलं तर सांगायचीच, वर पदरचे चार शब्द घालायची. मी मुळात फटकळ. एखादी पोर खाली मान घालून पुटपुटली की म्हणायची, "काय गं, फरशीशी बोलतीस का माझ्याशी?" मग ती हसायची आणि मोठ्यानं बोलायची.

आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, तुमच्या मुलींसारख्या धीट मुली दुसऱ्या कुठल्याच अंगणवाडीत नाहीत. मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू. त्या वस्तीत आजही मी भाजी आणायला गेले तर बायका थांबवतात. एक जण नर्स झाली, एकीनं स्वतःचं शिलाईचं दुकान टाकलं, एकीनं नको असलेलं लग्न स्वतःच्या तोंडानं मोडलं. "बाई, तुम्ही तेव्हा बोलला नसता तर," असं म्हणतात. मी हसते आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून निघते, कारण तिथं जास्त वेळ उभं राहिलं तर त्यांच्यातली कुणीतरी हमखास विचारते, "तुमची ती काय करती आता?"

ती म्हणजे माझी लेक. तिचंच सांगायला बसलेय. स्वतःची बाजू मांडायची नाही असं ठरवलंय. तरी मांडली जाईल, त्याला माझा इलाज नाही.

माझं पहिलं लेकरू ही नव्हे. तिच्या आधी एक मुलगी होती, अकरा महिन्यांची. मंगळवेढ्याकडं माझं माहेर, तिथं चुलत भावाच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात कोण कुठली लांबच्या नात्यातली बाई, तिनं लेकराला उचललं, गाल ओढले आणि म्हणाली, "काय बाई गोड लेकरू, नुसतं बघत बसावं." आमच्याकडं असं कुणी म्हटलं की आईनं लगेच म्हणायचं असतं, "कसलं काय, नुसतं रडतंय." असं म्हटलं की त्या कौतुकाची धार जाते आणि लेकराला नजर लागत नाही. माझी आई तसंच म्हणायची, तिची आईही तसंच म्हणायची. मी मात्र बारावी शिकलेली, वर नव्या लुगड्यात मिरवणारी. मी म्हणाले, "व्हय की, माझ्यावर गेलंय." आणि हसले. मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. सोलापूरला आणेपर्यंत झटके आले. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूत जंतू गेले, वेळेवर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. मला ते कळलं. सगळं कळलं. आणि तरीही मला आजही त्या तापाआधी ते माझं हसणंच आठवतं.

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. ती फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आगं, लेकराला तोंडावर चांगलं म्हनू न्हाय. ऐकनारं कोन कोन असतंय, आपल्याला दिसतंय व्हय?" एवढंच. पण मी ते गाठ मारून ठेवलं.

दोन वर्षांनी ही झाली. बाराव्या दिवशी आत्यानं हिला सुपात घातलं, चाळीच्या टोकाला उकिरडा होता तिथं नेऊन ठेवलं आणि मागं न बघता परत आली. मग आधी ठरल्याप्रमाणं शेजारची अक्का, म्हणजे विड्या वळणारी तेलुगू बाई, तिनं ते सूप उचललं, आमच्या दारात आणलं आणि विचारलं, "टाकलेलं लेकरू सापडलं, घेता काय?" आत्यानं ओंजळभर ज्वारी देऊन हिला विकत घेतलं. आत्या म्हणाली, "आता ही आपली न्हाय. कुनाचं तरी टाकल्यालं हाय. टाकल्याल्याकडं कोन बघतंय?" हिचं नाकही तेव्हाच टोचलं. मी दारात उभी राहून बघत होते. चांगली शिकलेली बाई मी, आणि मला रडू आलं ते बरं वाटून आलं. ही वाचणार, असं पहिल्यांदा वाटलं.

मग मी कामाला लागले. कुणी म्हणालं, "पोरगी चुणचुणीत दिसती," की मी म्हणायची, "कसलं काय, अर्धवट हाय." कुणी म्हणालं, डोळे छान आहेत, की मी म्हणायची, बटबटीत आहेत. शाळेत बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की हिला शंभरपर्यंत आकडे येतात, तर मी त्यांच्यासमोर हिच्या डोक्यात टपली मारून म्हणाले, "पोपट हाय नुसता. कळत काय न्हाय." पोर लहान होती तेव्हा तिला तो खेळ वाटायचा. ती खुदुखुदु हसायची. कधी थांबली हसायची ते मला सांगता येणार नाही. मी बघत नव्हते. मी समोरच्या बाईच्या डोळ्यांकडं बघायची, की तिची नजर हटली का नाही.

आणि पोर तर अशी होती की कौतुक दारात येऊन उभं राहायचं. अक्षर टपोरं. गणित असं की सातवीत असताना माझी अंगणवाडीची रजिस्टरं तीच लिहायची. लेकरांची वजनं, उंची, कोण कुपोषणाच्या कुठल्या श्रेणीत येतं, कोण मागच्या महिन्यापेक्षा उतरलंय, सगळं. एकदा माझी चूक झाली होती, एका लेकराचं वजन चुकीच्या महिन्यात लिहिलं होतं, ते तिनं शोधून काढलं. सुपरवायझर बाईंनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "हे कुणाचं अक्षर?" मी म्हणाले, "लेकीचं. दुसरं काय येत नाही तिला, बसती आपली गिरवत." लेक तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं बाईंना पाणी दिलं आणि आत गेली.

ह्यांनी एकदा विषय काढला होता. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात होते, दिवसभर मागाच्या आवाजात राहून कमी बोलायचे. जेवताना म्हणाले, "एकदा तरी तिला चांगलं म्हण की." मी खेकसले त्यांच्या अंगावर. म्हणाले, "एकदा म्हटलं होतं, विसरला का?" ते ताटावरून न जेवता उठले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

माया नव्हती असं कुणी म्हणू नये. रविवारी तिच्या डोक्यावर तेल घालून अर्धा अर्धा तास मी तिचे केस चोळत बसायची. तिच्या पहिलीपासूनच्या वह्या मी पेटीत ठेवल्यात, आजही आहेत. अमावास्येला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. ती आजारी पडली तर मी पाणीसुद्धा प्यायची नाही. पण हे सगळं मुकं होतं. तोंडातून जे बाहेर पडायचं ते वेगळंच, आणि पोरीनं तोंडातलंच ऐकलं. लेकरं तेच ऐकणार, त्यांना दुसरं काय कळणार?

दहावीच्या आधी कधीतरी, अक्का आमच्या दारात आली आणि म्हणाली, "तुमची लेक लई हुशार हाय, माझ्या पोरींना गणित असं शिकवली की सरांना येत न्हाई." मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी लेकच म्हणाली, "कसलं काय अक्का, मलाच येत नाही." तोच सूर, तेच शब्द. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, शिकली. आता माझ्यामागं तिची ती स्वतःला सांभाळेल. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

त्याच वर्षीची गोष्ट. अंगणवाडीच्या खोलीवरचे पत्रे बदलायला काढले होते, म्हणून शनिवारची सभा माझ्या घरी भरवली. नुकतंच आमचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात एक नवीन गोष्ट सांगितली होती. मुलींना गोल बसवायचं. सेविकेनं एकेकीच्या समोर जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून, तिच्यातली एक खरी चांगली गोष्ट सांगायची. उगीच गोड नाही, खरी. आणि त्या मुलीनं "हो, हे माझ्यात आहे" असं मोठ्यानं म्हणायचं. प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या, घरात ह्या मुलींना असं कुणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा. मी मान डोलावून वहीत लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी अकरा पोरी होत्या, आणि लेक घरातच असल्यामुळं बारावी म्हणून तीही गोलात बसली. मी एकीला म्हणाले, तू धाकट्या भावंडांना आंघोळी घालून, वेण्या घालून शाळेत पाठवतेस आणि स्वतः वेळेवर येतेस, तुझ्यासारखी जबाबदार पोर मी पाहिली नाही. "हो, हे माझ्यात आहे," म्हणाली. दुसरीला म्हणाले, तुझा आवाज. तिसरीला म्हणाले, तू खोटं बोलत नाहीस, मार पडला तरी. एक पोर तर रडायलाच लागली, म्हणाली, बाई, मला कुणी असं कधी म्हटलं नाही. मी तिला जवळ घेतलं. चांगलं रंगलं होतं सगळं. सुपं बाजूला पडली होती, विड्यांचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

असं करत करत मी शेवटच्या मुलीपाशी आले. लेक मांडी घालून बसली होती. तिनं ओढणी सारखी केली होती आणि हात मांडीवर ठेवले होते, जसे बाकीच्यांनी ठेवले होते. ती माझ्याकडं बघत होती. मला तिच्याबद्दल काय बोलायचं ते तयार होतं. शोधावं लागलं नाही. मी म्हणणार होते, की तुझं चुकलं तर तू लपवत नाहीस, खोडतेस आणि परत करून बघतेस, एवढी हिंमत माझ्यातही नाही. अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात तो मांडव आठवला. तो लग्नाचा मांडव, ती बाई, माझं हसू. समोर अकरा पोरी, दारात दोघींच्या आया उभ्या. एवढ्या माणसांत, आईच्या तोंडानं.

मी हात झटकला आणि म्हणाले, "हिचं राहू दे."

पोरी हसल्या. त्यांना वाटलं, घरची म्हणून गंमत. लेकही हसली. ती रडायला लागलेली पोर म्हणाली, "बाई, तिचंपण सांगा की." मी म्हणाले, "नंतर सांगीन." लेक उठून चहा ठेवायला गेली. सगळ्यांना तिनं चहा दिला, कप धुतले, आणि त्यानंतर शनिवारच्या सभेला ती कधी बसली नाही. मी विचारलंही नाही, का बसत नाहीस म्हणून. मला माहीत होतं.

ती बी.कॉम. झाली. एका सहकारी बँकेत कारकुनाच्या जागा निघाल्या होत्या, तिनं मला न विचारता अर्ज भरला. लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं. मी ती यादी बघायला ह्यांना घेऊन गेले आणि परत येताना ह्यांना बजावलं, कुणाला सांगू नका. घरात गोडधोड केलं नाही. आत्या तेव्हा होती, ती म्हणाली, "मुलाखत हूंदे, मग बगू." मुलाखतीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. बाहेर बाकावर बसले. इतर मुलं-मुली दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं आत असायची. माझी चारच मिनिटांत बाहेर आली.

रिक्षात मी विचारलं, काय विचारलं त्यांनी? ती म्हणाली, "स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी नाव, गाव, शिक्षण सांगितलं. मग म्हणाले, तुमच्यातली एखादी चांगली गोष्ट सांगा."

"मग?"

"मी म्हटलं, तसं काही नाही."

मी चिडले. अख्ख्या रस्त्यानं बोलले तिला. एवढा वर नंबर आला, एक वाक्य सांगता येईना? अक्षर सांगायचं, गणित सांगायचं, लेखीचे मार्क सांगायचे. ती रिक्षाबाहेर बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "आई, तूच सांग की. काय सांगायचं होतं?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती ती. आणि मी, शनिवारच्या सभेतली बाई, रिक्षावाला ऐकतोय म्हणून गप्प बसले.

नोकरी मिळाली नाही. परत अर्ज भर म्हटलं तर म्हणायची, कशाला दुसऱ्याची जागा अडवायची. मग स्थळ आलं, टेंभुर्णीचं. मुलाचं हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. बघायला आले तेव्हा मुलाची आई म्हणाली, मुलगी पसंत आहे, छान आहे. आणि माझं तोंड, ते सवयीनं उघडलंच. "कसलं काय हो, काही येत नाही तिला. सांभाळून घ्या." आमच्याकडं असं म्हटलं की समोरच्यानं "असं कसं, चांगली तर आहे" म्हणायचं असतं. विहीणबाई ते म्हणाल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि ऐकून ठेवलं. पुढं पंधरा वर्षं, भाजीत मीठ कमी पडलं, दुकानाच्या बिलांवरून नवऱ्याला एखादी गोष्ट सुचवली, लेकरू परीक्षेत मागं पडलं, काहीही झालं तरी त्या तेच काढायच्या. "तुझ्या आईनंच सांगितलं होतं, काय येत नाही म्हणून." लेकीनं हे मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. बोलता बोलता सांगितलं, जसं पाऊसपाण्याचं सांगतात. तिला त्यात खटकण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात ती आली. पोरांना सासूकडं ठेवून, एकटीच एसटीनं. तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, छातीत गाठ लागतीय. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, झाले असतील आठ महिने. आठ महिने. घरात गाडी आहे, नवरा वाईट नाही, सोलापूर तासा-दीड तासावर. "बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. ती म्हणाली, "माझ्यापायी कशाला सगळ्यांना कामाला लावायचं?"

मी त्या क्षणी जे ऐकलं ते मी घडवलेलं होतं. ह्यात विहीणबाईंचा दोष थोडा, जावयाचा थोडा, बाकी सगळा माझा. दुसऱ्याच्या पोरींना स्वतःची किंमत शिकवणाऱ्या बाईची लेक छातीत गाठ घेऊन आठ महिने भाकरी थापत होती, कारण सांगण्याएवढी आपली किंमत आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस लागतील म्हणाले. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. देवासमोर बसले की एकच विचार यायचा. एवढी वर्षं हिला झाकून ठेवलं. हिला अर्धवट म्हटलं, पोपट म्हटलं, काही येत नाही म्हटलं, कुणाची नजर हिच्यावर ठरू दिली नाही, आणि गाठ यायची ती आलीच. मग मी एवढी वर्षं काय सांभाळलं? चाळिशीकडं झुकलेली माझी लेक बाहेरच्या खोलीत बसून वर्तमानपत्राच्या कडेला आकड्यांची कोडी सोडवत होती, आणि आपण ती पटापट सोडवतो हेसुद्धा तिच्या गावी नव्हतं. मी ठरवलं, रिपोर्ट काहीही येऊ दे, आता बोलायचं. आत्याही नाही आता, हेही नाहीत. भ्यायचं कुणाला?

नवव्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. ती म्हणाली, "तू जा आत, मला ऐकवणार नाही." ती बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही, सहा महिन्यांनी दाखवा. मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मी कागद घेऊन बाहेर आले.

"साधी गाठ हाय," मी म्हणाले. "काही नाही झालेलं तुला."

ती हसली. डोळे पुसले तिनं. मी तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता माझं ऐक. मधे बोलू नको." आणि मी बोलले. सगळं बोलले. तू लहानपणापासून हुशार आहेस, मी खोटं बोलत होते. तुझ्या अक्षरासारखं अक्षर मी कुणाचं पाहिलं नाही. बँकेच्या यादीत तुझं नाव सगळ्यात वर होतं, त्या दिवशी आनंदाच्या भरात मला जेवण गेलं नाही. तुझं चुकलं तर तू लपवत नाहीस, परत करून बघतेस, हे त्या सभेत बोलायचं होतं, भीतीनं बोलले नाही. तू दिसायला चांगली आहेस. तुझ्यासारखी लेक मला मिळाली हे माझं नशीब. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी तसंच बोलत राहिले. पस्तीस-चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काय थांबतंय?

थांबले तेव्हा बघितलं, तर लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"रिपोर्ट दे इकडं," ती म्हणाली.

तिनं कागद वाचला. वरपासून खालपर्यंत परत वाचला. मग म्हणाली, "डॉक्टर तुला वेगळं काय बोलले? खरं सांग, आई."

"अगं, खरंच साधी गाठ आहे."

"मग तू असं का बोललीस?" तिचा आवाज फुटला. "आजीला शेवटी तू असंच बोलली होतीस. तिच्या उशाशी बसून. बाबांना पण, आयसीयूमध्ये. आपल्याकडं चांगलं कधी बोलतात ते मला कळत नाही का? किती दिवस दिलेत मला, सांग."

मी शपथ घेतली. तिच्या लेकरांची शपथ घेतली. तिचा विश्वास बसेना. शेवटी तिला घेऊन परत आत गेले, रांगेतल्या माणसांना हात जोडले, आणि डॉक्टरांना म्हणाले, साहेब, हिच्या तोंडावर सांगा. त्यांनी चष्मा वर केला, तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं. कर्करोग नाही, घरी जा, जेवा. तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. लहानपणानंतर तिनं असं कधी केलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "आई, एक ऐकशील?"

"बोल की."

"मला परत तसं चांगलं बोलू नकोस. जीव जातो माझा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, बरं.